अँजिओप्लास्टीनंतरचे तीन महिने: चालणं वाढवायचं आणि काम आवरायचं कसं

अँजिओप्लास्टीत हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, बसतो, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात आणि डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ असते: 'हलका व्यायाम करा, ताण टाळा.' हलका म्हणजे किती आणि ताण टाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिथे लिहिलेलं नसतं. स्टेंटने एक अरुंद झालेली जागा मोकळी केलेली असते. बाकीच्या रक्तवाहिन्या, रक्तदाब, साखर, झोप आणि ऑफिस मात्र जिथल्या तिथेच असतं.

आधी डॉक्टरांना विचारा

घरी निघण्यापूर्वी किंवा पहिल्या तपासणीला तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. हृदयाची पंपिंग क्षमता म्हणजे ईएफ किती आहे? आणखी कुठे ब्लॉकेज शिल्लक आहे का? चालायला कधीपासून सुरुवात करू? हॉस्पिटलमध्ये कार्डियाक रिहॅबची, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम आणि सल्ल्याची, सोय असेल तर नाव नोंदवाच. पुढे जे लिहिलं आहे ते गुंतागुंत न झालेल्या अँजिओप्लास्टीसाठी आहे. बायपास झाली असेल तर छातीचं हाड जुळायलाच सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे तो हिशेब वेगळा.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. दात काढायचा असेल तरीही नाही. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका खरा असतो.

चालणं: डोस ठरवून

पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर, घरात किंवा सोसायटीच्या आवारात, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मग दर दोन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत सलग अर्धा तास जमतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तिथपर्यंत सावकाश पोचायचं आहे. आठवडाभर बसून रविवारी एकदम दोन तास चालणं हा यावरचा उपाय नाही.

वेग किती ठेवायचा? चालताना सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग जास्त झाला. मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी दिसतात आणि जोर जास्त होतोय हे कळत नाही.

सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं अगदी संथ चाला. जोरात चालून एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्या. विदर्भातल्या उन्हाळ्यात सात वाजायच्या आत परत या आणि नाशिक-पुण्याच्या थंडीत उलट जरा ऊन येऊ द्या, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. स्टेशनचा पूल चढताना मधल्या सपाट टप्प्यावर थांबून दोन श्वास घ्या, मागच्यांना पुढे जाऊ द्या. सिलिंडर, पाण्याने भरलेली बादली, गच्च भरलेली बॅग सध्या दुसऱ्याला उचलू द्या. श्वास रोखून वजन उचललं की रक्तदाब एकदम चढतो.

यासाठी जिम लागत नाही. लंडनच्या डबलडेकर बसवरचा जेरी मॉरिस यांचा १९५३चा अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे: दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. योगासनं आवडत असतील तर जरूर करा. भारतात २४ केंद्रांवर झालेल्या चाचणीत योगामुळे रुग्णांना रोजच्या कामांकडे परतायला मदत झाली, मात्र पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ठळकपणे घटल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणून चालणं सोडून फक्त प्राणायाम, असं नको.

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम किंवा खूप धाप जाणवली तर तिथेच बसा. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती घ्या. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ला फोन करा. 'गॅस असेल' म्हणून ओवा चघळण्यात वेळ घालवू नका आणि दुचाकीवर मागे बसून हॉस्पिटल गाठू नका.

काम: तास मोजा

'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला मला अगदी निरुपयोगी वाटतो. टेन्शन कोणी हौसेने घेत नाही, ते कामाच्या रचनेतून येतं. रचना बदलली तरच ते कमी होतं. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मांडलं की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

आठवडाभर वहीत लिहा: कामाला कधी बसलो, कधी उठलो, प्रवास किती, रात्री फोन किती आले, छाती भरून आल्यासारखं कधी वाटलं. मग डॉक्टरांकडून लेखी पत्र घ्या: पहिले काही आठवडे अर्धा दिवस, रात्रपाळी नाही. वरिष्ठांशी बोलताना नेमकं बोला. 'सर, मला जरा सांभाळून घ्या' याने काही होत नाही. 'सर, दोन महिने सातनंतरचे कॉल मला जमणार नाहीत. साडेसहाला दिवसभराचं अपडेट पाठवत जाईन,' असं म्हटलं की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. दुकान असेल तर माल उतरवणं आणि उधारीची वसुली, ही दोन कामं आधी दुसऱ्याकडे द्या.

आणि घरातली बाई आजारी असेल तर? तिला ना सुट्टी, ना डॉक्टरांचं पत्र. चौथ्या दिवशी ती ओट्याशी उभी असते आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही, हे मला फार खुपतं. पोळ्या, पाणी भरणं, धुणं कोण करणार हे ती घरी येण्याआधी ठरवा आणि तिच्या चालण्याच्या वेळेत तिला कोणी हाक मारू नका.

झोप सात तास हवी. तंबाखू, मशेरी, सिगारेट पूर्ण बंद. झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य येतं. उगाच रडू येणं, कशातच मन न लागणं दोन आठवडे टिकलं तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

तीन महिन्यांच्या तपासणीला ती वही सोबत न्या. सिंहगड चढायचा असेल, वजनं उचलायची असतील किंवा पुन्हा रात्रपाळी घ्यायची असेल, तर ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) करायची का हे तेव्हा विचारा आणि तिथल्या उत्तरावरच पुढचं ठरवा.