ठोकळ्यांवरून डब्याकडे: बालवाडीतली मधली पाच मिनिटं कशी सांभाळायची

बालवाडीत गोंधळ ठोकळे खेळताना होत नाही, गोष्ट ऐकताना पण होत नाही, तो होतो मधल्या पाच-सात मिनिटांत, म्हणजे आवरायचं, हात धुवायचे, डबा काढायचा तेव्हा. कारण साधं आहे, त्या वेळात निम्म्या मुलांना करायला काहीच नसतं, नुसतं थांबायचं असतं, आणि तीन-चार वर्षांचं पोर रिकामं थांबलं की पुढचीची वेणी ओढणारच. त्यामुळे मुलांना शिस्त लावायच्या आधी आपली तयारी बघा.

पुढची जागा आधी तयार पाहिजे. सतरंजी अंथरलेली, खडू वाट्यांमध्ये काढलेले, मगच चालू खेळ थांबवा. मुलं येऊन बसलीत आणि ताई कपाटाची किल्ली शोधतायत असं झालं की विषय संपला.

"पाच मिनिटांत आवरायचंय हं" ह्याचा काही उपयोग नाही, ह्या वयात पाच मिनिटं म्हणजे किती ते कळतच नाही. मोजता येईल असं सांगा, अजून दोनदा घसरगुंडी मग चपला, एक शेवटचा ठोकळा मग टोपली. आणि लांबून ओरडून नको, जवळ जाऊन, खाली बसून, चेहऱ्याकडे बघून. रमलेल्या मुलाला लांबून मारलेली हाक खरंच ऐकू जात नाही, आपल्याला वाटतं मुद्दाम करतोय.

आवरायची खूण एकच ठेवा आणि रोज तीच. खंजिरी चालेल, नाहीतर स्वतः जुळवलेल्या दोन ओळी, "ठोकळे चालले घरी, टोपली त्यांची बरी" असलं काहीही, यमक जुळलं की झालं, फक्त चाल बदलू नका. मोबाईलवर गाणं लावायचा मोह टाळा, मुलं आवरायचं सोडून स्क्रीनभोवती जमतात. शिवाय "चला आवरा सगळे" म्हटलं की कुणीच आवरत नाही, "लाल ठोकळे तू, गाड्या तू" असं वाटून दिलं की हात चालतात.

आता हात धुणं. नळ एक आणि वर्ग अख्खा, इथे रांग लावली की पाण्याची मारामारी ठरलेली. सिंहस्थात रामकुंडावर जसं गर्दीला टप्प्याटप्प्याने सोडतात तसं करा, एका वेळी चार-पाच जण. "ज्यांच्या कपड्यात पिवळं आहे ते उठा", मग निळं, मग ज्यांच्या डब्यात पोळी आहे ते (हे सांगताना सगळे डबे उघडून बघतात, तयारी ठेवा). बाकीचे तोवर मदतनीस ताईंबरोबर बोटांचे खेळ खेळतात. दाराशी एक ताई आणि नळाशी एक ताई असली तर मध्ये कुणी भरकटत नाही.

मुलं फारच चेकाळली असतील तर माँटेसरीबाईंचा शांततेचा खेळ अजूनही भारी चालतो. १९०७ साली त्यांनी रोममध्ये पहिलं बालघर काढलं, त्यांच्या पद्धतीतलाच हा खेळ. सगळे गप्प बसतात, ताई लांबून अगदी हळू एकेकाचं नाव घेतात, नाव ऐकू आलं की त्याने आवाज न करता उठून यायचं. गंमत म्हणजे इथे थांबणं हाच खेळ असतो. फक्त शेवटी राहणारं मूल रोज तेच नको, ते रडकुंडीला येतं.

दिवसाचे फोटो काढून दोरीला चिमट्याने लावा, प्रार्थना, ठोकळे, डबा, मैदान, गोष्ट. एक काम झालं की एका मुलाने तो फोटो उलटा करायचा. जो सारखा "आई कधी येणार" विचारतो त्यालाच हे काम द्या, त्याला दोरीवर दिसतं किती राहिलंय ते.

नाशिकच्या थंडीत एक वेगळाच घोळ असतो. सकाळी कानटोपी, स्वेटर, मोजे घालून मुलं गोल गरगरीत येतात आणि ऊन तापलं की मैदानावर जायच्या आधी सगळं काढायचं असतं. ह्याला वेळापत्रकात वेगळा वेळच धरा आणि पालकांना सांगा, चेनवाला स्वेटर द्या, डोक्यातून काढायचा नको, आणि आत नाव घाला. पावसाळ्यात रेनकोटचं तेच, व्हरांड्यात मुलाच्या उंचीला खुंट्या ठोकून घ्या.

मनोरा अर्धा राहिलाय म्हणून जो उठतच नाही त्याच्याशी ओढाताण करू नका. मनोऱ्याजवळ त्याच्या नावाची चिठ्ठी ठेवा, "हा मोडायचा नाही, डब्यानंतर पुढे" म्हणा, आणि शब्द पाळा, सफाई करणाऱ्या मावशींना पण सांगून ठेवा.

घरी जायच्या वेळी दप्तरं गोष्टीच्या आधी भरून दाराशी लावा, नंतर नाही. आणि व्हॅनवाल्या काकांना सांगा की गेटवर हॉर्न मारू नका, एक हॉर्न वाजला की गोष्टीतला वाघ तसाच अर्धवट राहतो आणि सगळी पलटण दारात.