कोकण किनाऱ्यावर बोटीने फिरताना: उतरायचे कुठे आणि इंधन भरायचे कसे

मुंबईहून गोव्याकडे स्वतःच्या लहान बोटीने निघणारा माणूस मैल मोजतो, वारा पाहतो. पण त्याचा दिवस बहुधा बिघडतो तो नांगर टाकल्यानंतर, कारण रिकामे कॅन घेऊन किनाऱ्यावर केव्हा आणि कुठून चढायचे हे त्याने ठरवलेले नसते. म्हणून रोजचा बेत अंतरावरून न आखता उतरण्याच्या वेळेवरून आखावा.

त्यासाठी कोकणातला जुना हिशेब आजही कामाला येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला अकरा-बाराचा सुमार. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावेच, पण पौर्णिमेला संध्याकाळी सहाला खाडीत शिरलात तर धक्क्याच्या शेवाळलेल्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे गुडघाभर चिखल असतो, एवढे या हिशेबावरून आधीच कळते. मुंबईकडे उधाणाला पाण्याची चढउतार पाच मीटरपर्यंत जाते. दक्षिणेकडे ती कमी होत जाते. एकदा मी लहान होडी आखूड दोराने बांधून बाजारात गेलो आणि परतलो तेव्हा ती नाकावर लोंबकळत होती, आतली वल्ही चिखलात पडलेली. तेव्हापासून दोर नेहमी सैल आणि लांब ठेवतो.

जयगड, विजयदुर्ग, देवगड येथे आडोसा चांगला मिळतो. हर्णैसारख्या उघड्या जागी मात्र दुपारनंतर वायव्येचा वारा लाटा उठवतो, त्यामुळे किनाऱ्यावरची कामे सकाळीच उरकावीत. मासळी उतरवण्याच्या आणि लिलावाच्या वेळी धक्क्याला लागू नये. ती माणसे पोटाच्या कामात असतात. एरवी कोणत्याही मासेमारी बोटीला आपली बोट लावण्यापूर्वी तिच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, "तांडेल, थोडा वेळ तुमच्या बाजूला लावू का? तुम्ही कधी सुटणार?" असे विचारावे. परवानगी तर मिळतेच, शिवाय खडक कुठे आहे आणि पंप कुठे आहे हेही तिथेच कळते.

इंधनाची अडचण अधिक चिवट आहे. बंदरातल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या पंपावर करसवलतीचे डिझेल नोंदणीकृत मासेमारी बोटींसाठी असते; त्यावर आपला हक्क नाही आणि त्यासाठी आग्रहही धरू नये. आपल्याला रस्त्यावरचा पंप गाठावा लागतो, म्हणून रिक्षावाल्याशी जाऊन-येऊन भाडे आधीच ठरवावे. वीस लिटर डिझेलचे वजनच सुमारे सतरा किलो भरते, त्यामुळे ओल्या पायऱ्यांवर मोठ्या कॅनपेक्षा वीस लिटरचे दोन कॅन बरे. पेट्रोलसाठी घट्ट झाकणाचा धातूचा डबा न्यावा. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल द्यायला पंपावर नकार मिळू शकतो, आणि तो योग्यच आहे. टाकीतले एक तृतीयांश इंधन जायला, एक तृतीयांश परतायला आणि उरलेले राखीव, हा नियम इथे मोडू नये, कारण पुढच्या खाडीत पंप जवळ असेलच असे नाही.

टाकीत ओतण्यापूर्वी कॅनच्या तळाचे थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घेऊन दहा मिनिटे स्थिर ठेवावे. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला तर वरचे डिझेल नळीने काढून गाळणीतून टाकीत घ्यावे आणि तळाचे कॅनमध्येच राहू द्यावे; ते खाडीत ओतू नये.