स्क्रोल सॉवर मराठी नावाची पाटी: कापण्यापासून विकण्यापर्यंत

लेझरवाल्याशी भावात स्पर्धा करायची नाही, हे आधी ठरवून टाका. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, नक्षीदार पाटी लेझरवर काही मिनिटांत निघते, चार-पाचशे रुपयांत घरपोच मिळते. ते आपलं दुकान नाही. आपल्याकडे येणारा माणूस पाऊण इंच जाडीच्या सागवानातून आरपार कापलेलं स्वतःचं आडनाव मागतो. त्याला कडा काळ्या जळलेल्या नको असतात, बाजूनेही लाकडाचा तंतू दिसायला हवा असतो. हे काम स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक उभं ब्लेड वर-खाली चालवणारी टेबलावरची करवत, करतो आणि घरच्या बाल्कनीत करतो.

मी आयुष्य टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं बनतात त्या विभागात, काढलं. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये निवृत्तीनंतर हे मशीन आणलं, त्यामुळे माझी भाषा थोडी कारखान्यातली असेल, सांभाळून घ्या.

मशीन घेताना गळा, म्हणजे ब्लेडपासून मागच्या कमानीपर्यंतचं अंतर, सोळा इंच असला की घरगुती कामाला पुरे. किंमत दहा-बारा हजारांपासून पुढे. वेग कमी-जास्त करता येतो ना, हे बघा. मिनिटाला साधारण ४०० ते १६०० फटके असतात. पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: बिनपिनचं ब्लेड बसतं का? ब्लेडच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असली, तर ते भोकातून ओवायला चांगलं पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. ‘व’च्या पोटात एवढं भोक पाडलं तर उरलं काय? बिनपिनचं ब्लेड दोन मिलिमीटरच्या ड्रिलमधून सहज जातं. दुकानदाराला हा फरक माहीत नसेल तर डबा उघडून ब्लेड धरणारा क्लॅम्प दाखवायला सांगा.

ब्लेड पाच इंची. बारीक प्लायला १ नंबर, नऊ-बारा मिलिमीटरला ५ नंबर, पाऊण इंची सागाला ७ नंबर. दात खाली टेबलाकडे हवेत. ब्लेडवरून बोट हलकेच वर नेलं आणि ते अडकलं, म्हणजे बरोबर बसलंय. शेवटचे काही दात उलटे असलेली ब्लेडं मिळतात, त्यांनी खालच्या बाजूचे कुसळ निघत नाहीत. दोन पैसे जास्त गेले तरी तीच घ्या. ताण दिल्यावर नखाने छेडलं तर टणकन वाजलं पाहिजे. भद्द आवाज आला तर अजून ताणा.

जाड लाकडात टेबल काटकोनात नसेल तर अक्षर वर एका मापाचं आणि खाली दुसऱ्या मापाचं निघतं. गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून बघता येतं, पण ब्लेड इतकं बारीक असतं की नजर फसते. मी असं करतो: जाड तुकड्याच्या कडेला ब्लेडने जेमतेम एक खाच घ्यायची, मशीन बंद करायचं, तुकडा फिरवून ती खाच ब्लेडच्या मागच्या बाजूला आणायची. ब्लेड खाचेत अल्लद सरळ बसलं तर टेबल काटकोनात. नाही बसलं तर स्क्रू सैल करून पुन्हा. नवं काम सुरू करताना दर वेळी हे करायचं, कंटाळा करायचा नाही.

आता मुख्य गोष्ट, अक्षरं.

इंग्रजी नाव कापलं की सुटी सुटी अक्षरं हातात येतात, ती फळीवर चिकटवत बसावं लागतं. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, आख्खं नाव एका जॉबमध्ये, म्हणजे एकाच तुकड्यात, निघतं. पण सगळा भार तिच्यावर येतो. ‘गणेश’ हेच नाव घ्या. ग, ण आणि श, तिन्हींचा शेवटचा दंड, म्हणजे उभी रेघ, बाकीच्या अक्षरापासून सुटा असतो, फक्त वरून लटकलेला. ट, ड, द, ह ही मंडळी तर इवल्याशा मानेने टांगलेली. म्हणून अक्षराची उंची ७५ मिलिमीटर असेल तर शिरोरेषा १२ मिलिमीटर ठेवा आणि मान कुठेही आठच्या खाली जाऊ देऊ नका. कॉम्प्युटरवर दिसायला ते जरा ठोंबं वाटतं. भिंतीवर लागलं की छान दिसतं.

फाँट जाड आणि गोलसर निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचे ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, पाटी विकण्यासाठी वापरले तरी हरकत नाही. मी ‘बलू’चं ठळक वळण घेतो. इंकस्केप हा फुकटचा प्रोग्रॅम आहे. त्यात अक्षराची बाह्यरेषा करून जिथे बारीक वाटेल तिथे भर घालता येते.

अनुस्वार हा स्वतंत्र विषय आहे. ‘शिंदे’, ‘कांबळे’, ‘देशपांडे’, सगळीकडे टिंब हवेत तरंगतं. दोन उपाय. एक, टिंबाला खाली शिरोरेषेपर्यंत बारीक देठ ठेवायचा. दोन, टिंब वेगळं कापून मागच्या फळीवर चिकटवायचं. देठ मला आवडत नाही, लांबून ते मात्रेसारखं दिसतं. मागे फळी असेल तर सुटं टिंबच करा आणि ते त्याच लाकडातून कापा, म्हणजे रंग जुळतो. ‘कुलकर्णी’मध्ये आणखी गंमत: खाली उकार, वर रफार आणि वेलांटी एकत्र. तिथे रफार आणि वेलांटी एकमेकांना टेकवून जाड करून घ्या, दोन्ही वाचतात.

लाकडाचा तंतू आडवा, शिरोरेषेच्या दिशेने ठेवायचा. तसं केलं की शिरोरेषा दणकट होते, पण उभे दंड तंतूला आडवे जातात आणि पटकन तुटतात. यातून सुटका नाही. सागात दंडाची रुंदी दहा मिलिमीटरच्या वर ठेवा. ज्याला नाजूक अक्षर हवंय त्याला बारा मिलिमीटरचा चांगला प्लाय द्या, त्यात थर उलटसुलट असल्याने ही अडचण येत नाही. स्वस्त प्लायच्या पोटात पोकळ्या निघतात, बाहेरून कळत नाही. कडेने नीट बघून घ्या.

साग नवीन आणायची घाई नको. फर्निचर करणाऱ्या सुताराकडे वीतभर रुंदीचे तुकडे पडलेले असतात, ते मागा. नाहीतर पुण्याच्या भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच. तिथे रंधा मारून जाडी एकसारखी करून घ्या.

लाकडावर आधी मास्किंग टेप, त्यावर ग्लू स्टिकने छापील कागद. काम झाल्यावर टेपसकट सगळं एका ओढीत निघतं. शिसवासारखं कडक लाकूड कापताना धूर निघून कड करपते, तेव्हा कागदावर पारदर्शक पॅकिंग टेपचा एक थर द्या. तिच्यामुळे ब्लेड कमी तापतं.

आधी पोटातली भोकं: प, व, म, क, वेलांटीच्या कमानीखालची जागा. प्रत्येकात ड्रिल मारायचं, ब्लेड वरून सोडवून ओवायचं, ताणायचं, कापायचं, परत सोडवायचं. ‘ब’ला दोन, ‘ष’ला दोन. या सोडव-ओवण्यातच निम्मा वेळ जातो. मग बाहेरची रेषा. सगळ्यात शेवटी शिरोरेषेची वरची कड, कारण तोवर वरचं लाकूड जॉबला आधार देतं. इतक्या बारीक ब्लेडने सरळ रेषा कापणं वळणापेक्षा अवघड आहे. एक मिलिमीटर बाहेरून कापा आणि सपाट कानशीने रेषेवर आणा.

लाकूड ढकलायचं नाही, फक्त सोबत न्यायचं. ब्लेड मागे वाकलेलं दिसलं की तुम्ही जोर करताय. जॉब अगदी सरळ दिला तरी कापणी एका अंगाला सरकते, हा ब्लेड बनवताना दातांच्या एका अंगाला राहिलेल्या खरखरीत कडेचा (‘बर’) गुण आहे. जॉब दोन-चार अंश तिरका धरला की रेषेवर येते. कापताना धूळ बारीक उडते, एमडीएफची तर फार वाईट. एन-९५ मास्क आणि गॉगल लावा. मशीनखाली रबरी मॅट घाला, खालच्या मजल्यावरचे लोकही माणसंच आहेत.

घासायला १२०, २२०, ३२० नंबरचा पॉलिश पेपर, आतल्या कोपऱ्यांना नीडल फाइल, म्हणजे सुईसारखी बारीक कानस. दाराबाहेरच्या पाटीला पीयू क्लिअरचे (पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश) दोन हात, घरातल्या वस्तूला जवसाचं तेल. तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. मोकळी पसरून वाळवा, मगच कचऱ्यात.

आता पैसे. दीड फूट लांब, अर्धा फूट रुंद, १८ मिलिमीटर जाड सागाचा तुकडा म्हणजे साधारण ०.०४४ घनफूट. घनफुटाला चार हजार धरले तर पावणेदोनशे रुपये. वाया जाणारं धरून अडीचशे म्हणा. तीन ब्लेडं ७५, पीयू आणि पेपर ५०, पॅकिंग ७५. आखणी ते पॉलिश साडेतीन तास, तासाला २०० लावले तर ७००. झाले साडेअकराशे. दीड हजाराच्या खाली विकू नका. आमची ही हिशेबाला बसते, त्यामुळे ओळखीच्यांनाही सूट मिळत नाही. स्वतःच्या तासांचे पैसे न लावणारे हौशी लोक बाजारात पुष्कळ आहेत, त्यांच्याशीही स्पर्धा करू नका.

निम्मे पैसे आगाऊ घ्या. दुसऱ्याचं आडनाव कोरलेलं सागवान तिसऱ्याला विकता येत नाही. नाव फोनवर ऐकून कापू नका. ‘दीक्षित’ की ‘दिक्षित’, हे व्हॉट्सॲपवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि आखलेल्या नावाचा फोटो पाठवून ‘ओके’ आल्याशिवाय ड्रिल लावू नका. शुद्धलेखनावर वाद घालायचा नाही, ते ज्या पद्धतीने लिहितात तेच बरोबर.

पहिली गिऱ्हाइकं सोसायटीच्या ग्रुपवरच मिळतात, नवीन फ्लॅटचा ताबा घेणारी. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी स्टॉल मिळाला तर तिथे न कापलेला सागाचा तुकडा, वापरलेलं ब्लेड आणि अर्धवट कापलेलं अक्षर शेजारी मांडून ठेवा. लोक ब्लेड हातात घेतात, मग भाव विचारतात. गणपतीच्या आधी मखरांना मागणी असते, २०१८ च्या थर्माकोल बंदीपासून जास्तच. पण ते काम बहुतेक लेझरकडे गेलंय. मी मखराच्या वरची ‘श्री’ तेवढी करतो.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात पाठवायचा तर नियम वेगळे, हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे. सीएला विचारून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका.

लहान मुलांची कोडी आणि खेळणी करून विकायचा मोह होतो. पण १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा आधी तिथलं ‘पहचान’ ओळखपत्र काढा आणि मगच खेळण्यांची ऑर्डर घ्या.