रॅक कोरडी होती

गाडी लिफ्टवर चढली की आधी डोळ्यांत भरतं ते सगळ्यात खालचं ओलं. गॅरेजमधल्या पहिल्या वर्षी त्याच ओल्यावर विश्वास ठेवून मी एक चांगली स्टिअरिंग रॅक (पुढची चाकं वळवणारी आडवी यंत्रणा) काढून टाकली. त्याला बरीच वर्षं झाली, पण लिहिताना आजही कान गरम होतात.

गाडी जुनी जर्मन सेडान होती, सहा सिलिंडरची, हायड्रॉलिक स्टिअरिंगवाली, म्हणजे पंपाच्या तेलाच्या दाबाने स्टिअरिंग हलकं करणारी. स्टिअरिंगच्या टाकीतलं तेल हळूहळू उतरत होतं, सकाळी पहिल्या वळणाला पंप कण्हत होता आणि रॅकचा डावा बूट (टोकावरचं रबरी आवरण) तेलाने चिंब होता. उस्तादांनी लांबूनच टॉर्च मारला आणि म्हणाले, "रॅक गेली." मी मान डोलावली. रॅक उतरवली, दुसरी चढवली, अलाइनमेंट करून गाडी दिली. तीन आठवड्यांत गाडी परत आली. रॅक नवी, बूट नवा, आणि तोही तसाच ओला.

उतरवलेली रॅक अजून कोपऱ्यात पडली होती. तिच्या डाव्या बुटाची क्लिप कापली आणि रबर मागे सरकवलं. आत ग्रीस जसंच्या तसं. तेलाचा एक थेंब नाही.

इथे मी जरा जास्तच बोलणार आहे, सहन करा.

रॅकच्या टोकाचं सील गेलं तर तेल आधी बुटाच्या आत येतं. तिथे साचतं, बूट फुगून जड होतो, आणि मग क्लिपच्या फटीतून किंवा चिरेतून बाहेर ठिबकतं. म्हणजे आतून बाहेर. बूट बाहेरून ओला आणि आतून कोरडा असेल, तर तेल दुसरीकडून येऊन त्याच्यावर पडतंय. हे पाहायला दोन मिनिटं लागतात: बाहेरची लहान क्लिप सोडा, बूट थोडा मागे घ्या, बोट घालून बघा. मी ती दोन मिनिटं वाचवली आणि दोन दिवस घालवले. दोन्ही बाजूंचे बूट तपासा, कारण बऱ्याच रॅकमध्ये दोन्ही बूट हवेच्या बारीक नळीने जोडलेले असतात आणि एका बाजूचं तेल दुसरीकडे निघू शकतं. आणि बूट कोरडे आहेत म्हणून रॅकला लगेच निर्दोष सोडू नका. स्टिअरिंगचा दांडा जिथे रॅकमध्ये शिरतो, तिथलं पिनियनचं (रॅक सरकवणाऱ्या दातेरी चाकाचं) सील बुटांच्या बाहेर गळतं. तिथेही टॉर्च मारा.

त्या सेडानमध्ये तेल येत होतं टाकीच्या बुडाशी लावलेल्या रिटर्न पाईपमधून, म्हणजे तेल टाकीत परत आणणाऱ्या पाईपमधून. त्या पाईपला दाब नावापुरताच असतो, म्हणून तिथून धार लागत नाही, नुसतं पाझरतं. ते पाझरलेलं तेल पाईपच्या अंगाने उतरायचं, पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकायचं, सबफ्रेमवरून (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीवरून) वाहत जाऊन नेमकं डाव्या बुटावर टपकायचं. वरून बघावं तर टाकीच्या बाहेर धुळीचा काळा थर, त्यामुळे ओल दिसतच नव्हती. दोष पाईप आवळून धरणाऱ्या एका क्लॅम्पचा होता. खरं तर रबराचा. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन रबर कडक होतं, दाबलेल्या जागी दाबलेलंच राहतं. कारखान्यातून आलेला दाबपट्टीचा क्लॅम्प पुन्हा आवळता येत नाही. मग थंड गाडीत पाझर जास्त, गरम झाली की कमी. माझ्या गिऱ्हाइकाने हे सांगितलंही होतं, सकाळीच डाग पडतो म्हणून. मी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर माझी एकच पद्धत आहे. आधी धुणं, मग बघणं. डीग्रीझर मारून टाकी, पाईप, पंप, रॅक सगळं स्वच्छ करायचं (अल्टरनेटर झाकून, त्यावर फवारा नको) आणि सुकवायचं. टाकीत त्या तेलाला चालणारा यूव्ही रंग थोडासा टाकायचा, गाडी फिरवून आणायची, मग अंधारात पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्चने बघायचं. बघायचं वरून खाली आणि पुढून मागे. चमकणाऱ्या रेषेचं सगळ्यात वरचं, सगळ्यात पुढचं टोक म्हणजे उगम. त्याच्या खालचा सगळा पसारा नुसता प्रवास आहे.

हा रंग आणखी एका घोळातून वाचवतो. ज्या गाड्यांत स्टिअरिंगमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल) असतं, त्यात गिअरबॉक्समध्येही तेच लाल तेल, आणि गिअरबॉक्सच्या कूलरचे पाईप तिथूनच जातात. जुनं एटीएफ तपकिरी होतं, म्हणजे इंजिन ऑईलशीही गल्लत. बीएमडब्ल्यूच्या एम५४ इंजिनात ऑईल फिल्टरचं हाउसिंग स्टिअरिंग पंपाच्या डोक्यावरच असतं. त्याची गॅस्केट झिरपली की पंप इंजिन ऑईलने न्हातो आणि नवशिका पंप मागवतो. टाकीची पातळी जागची हलली नसेल तर स्टिअरिंगला हात लावू नका. उलट टाकी जास्त भरली असेल तर गरम झालेलं तेल फुगून झाकणातून बाहेर येतं आणि गळतीचा भास होतो. आधी पातळीची खूण बघा.

आपल्यासमोर नेमकं काय आहे हेही आधी बघा. बीएमडब्ल्यूच्या १९९५ ते २००३ च्या ई३९ मालिकेत सहा सिलिंडरच्या गाडीला रॅक आहे आणि व्ही८ ला (आठ सिलिंडरच्या गाडीला) स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे रॅकऐवजी गिअरची बंद पेटी. मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४ लाही बॉक्सच. बॉक्सला बूट नाहीत, तिथे खालच्या शाफ्टचं सील पाहावं लागतं. काही महागड्या गाड्यांत हीच टाकी मागच्या सस्पेन्शनलाही तेल पुरवते. पुढे सगळं कोरडं आणि पातळी तरी उतरतेय, तर मागे जा.

आता कडक शब्दांत. इंजिन चालू असताना प्रेशर पाईपवर (पंपातून दाबाचं तेल नेणाऱ्या पाईपवर) हात फिरवून गळती शोधू नका. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तिथे शंभर बारच्या आसपास दाब असतो. सुईसारखी बारीक धार कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं. पुठ्ठा धरा. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल ठिबकत असेल तर गाडी चालवायला देऊच नका, आग लागते. प्रेशर पाईपला क्लॅम्प मारून जुगाड होत नाही, तो दोन्ही टोकांना प्रेस केलेलाच लागतो. बँजो बोल्टचे (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वायसर दर वेळी नवे, दोन्ही बाजूंचे. रिटर्नला पाणी-लाइनचा पाईप लावाल तर तो ईपीडीएम रबराचा असतो, तेलात फुगून लोळागोळा होतो. तेलाला चालणारा पाईपच आणा. क्लॅम्प स्क्रूचा घ्या, पण अंगात आल्यासारखा आवळू नका, टाकीचं प्लास्टिकचं नाक तडकतं. मी एक तडकवलंय.

तेलाचं वेगळं सांगतो. बीएमडब्ल्यूच्या झाकणावरच एटीएफ किंवा सीएचएफ (हायड्रॉलिक यंत्रणेचं वेगळं तेल) लिहिलेलं असतं. सीएचएफ ११एस हिरवं असतं. मर्सिडीज स्वतःच्या मान्यतेचं तेल मागते. लाल आणि हिरवं एकत्र करायचं नाही, सील बिघडतात. झाकण कुणीतरी बदललेलं असू शकतं, म्हणून आतलं तेल पांढऱ्या कपड्यावर घेऊन बघा. जुळत नसेल तर पुस्तिका काढा, अंदाज नको.

बाटलीतल्या गळती-बंद औषधाबद्दल माझं मत वाईट आहे. ते कडक झालेलं सील मऊ करून फुगवतं, कधी कधी पाझर काही दिवस थांबतोही. पण सैल क्लॅम्पला ते काय करणार? शिवाय ते चांगल्या सीललाही मऊ करतं. गाडी विकायला काढलेले लोक ते वापरतात, आपण कशाला वापरायचं?

आणि उस्तादांबद्दल. माझे उस्ताद हाताने फार चांगले होते, आवाजावरून बेअरिंग ओळखायचे. पण लांबून उत्तर देणारा उस्ताद शिकणाऱ्याला धोक्याचा. नंतर मला एक वयस्क मिस्त्री भेटले, ते उत्तर कधीच द्यायचे नाहीत. फक्त विचारायचे, "ते तिथे आलं कुठून?" राग यायचा. आज मी हेल्परना तेच विचारतो आणि त्यांनाही राग येतो.

घाबरू मात्र नका. या गाड्या बघूनच हात थरथरतात, पण बहुतेक गळत्या क्लॅम्प, पाईप, वायसर आणि ओरिंगवरच मिटतात. रॅक खरोखर काढायची वेळ आलीच, तर आधी चाकं सरळ करून स्टिअरिंग व्हील बांधून टाका. दांडा सुटल्यावर ते मोकळं फिरलं की आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची वायर जोडणारी गुंडाळलेली पट्टी) तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. जोडावर खूण करून ठेवा.

दुरुस्ती झाली की हवा काढायची. पुढची चाकं घोडीवर उचला, टाकी भरा, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, दहा-पंधरा वेळा. पातळी उतरेल, भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन लावून पुन्हा तेच. टोकाला धरून ठेवू नका, पाच सेकंदांच्या आत परत फिरवा. तेलाला फेस आला तर थांबा, बसू द्या. फेस आणि कण्हणं जातच नसेल, तर टाकीकडून पंपाकडे येणारी बाजू हवा ओढतेय. तिथे तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून तो जोड बाहेरून कोरडा दिसतो.

गाडी दिल्यावरही मी आठवड्याने परत बोलावतो. रबर दोन-चार वेळा तापून थंड झालं की क्लॅम्प थोडा सैल पडतो, तो पाव फेरा आवळायचा, आणि रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकायचा. त्या सेडानखालीही टाकला होता. सकाळी पुठ्ठा साफ होता. उस्तादांनी तो उलटून खालची बाजूही पाहिली आणि काही न बोलता चहाला गेले.