व्हर्च्युअल मशीनमधल्या लिनक्सला वाय-फाय कार्ड दिसत नसेल तर काय करावे?

विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) टाकला, त्यात काली किंवा उबुंटू लिनक्स चढवले, इंटरनेटही सुरू झाले. पण ‘आयपी लिंक’ ही कमांड दिली की यादीत केबलचे कार्ड तेवढे दिसते, ‘डब्ल्यूलॅन०’चा, म्हणजे वाय-फायचा, पत्ता नाही. बहुतेक जण इथे लगेच ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) शोधायला लागतात आणि अख्खी संध्याकाळ वाया जाते. खरे तर बिघाड काहीच नसतो. व्हर्च्युअलबॉक्स लॅपटॉपचे खरे वाय-फाय कार्ड आतल्या लिनक्सला दाखवतच नाही. त्याऐवजी तो इंटेल प्रो/१००० सारखे आभासी केबल-कार्ड पुढे करतो. नेटवर्क सेटिंगमध्ये ‘ब्रिज्ड’ (मशीन थेट घरच्या नेटवर्कला जोडणारा पर्याय) निवडून तिथे वाय-फाय कार्डाचे नाव दिले, तरी आत केबलच दिसणार.

म्हणून आधी गरज ठरवा. फक्त ब्राउझिंग आणि अपडेट हवे असतील आणि आयपी पत्ता १०.०.२.१५ असा काही मिळाला असेल, तर नॅट (लॅपटॉपच्याच इंटरनेटमधून बाहेर पडण्याची सोय) व्यवस्थित चालले आहे; काहीही करू नका. आसपासची नेटवर्क स्कॅन करायची, मॉनिटर मोड (हवेतले वाय-फाय संदेश नुसते ऐकण्याची पद्धत) शिकायचा किंवा ॲक्सेस पॉइंट (राउटरसारखे स्वतःचे वाय-फाय) उभा करायचा असेल, तरच यूएसबी वाय-फाय ॲडॉप्टर लागतो. सराव मात्र स्वतःच्या राउटरवरच करा. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरतो.

ॲडॉप्टर घेताना कंपनीपेक्षा आतली चिप पाहा. एआर९२७१ चा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो, पण ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. एमटी७६१२यू २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडवर चालते आणि आवृत्ती ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे. आरटीएल८८१२एयू बाजारात खूप दिसते. तिचा ड्रायव्हर मात्र २०२५ मध्ये कर्नलमध्ये आला. त्याआधीच्या कर्नलवर तो स्वतः कंपाइल (मूळ कोडपासून तयार) करावा लागतो. नवशिक्याने पहिल्या दोनपैकी एक घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ॲडॉप्टर आत पोहोचवू. मशीन बंद करा, सेटिंगमध्ये यूएसबी उघडून ३.० कंट्रोलर निवडा. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यासाठी एक्स्टेन्शन पॅक (वेगळे जोड-पॅकेज) लागत नाही, ६.१ ला लागतो. होस्टही (बाहेरचा खरा संगणक) लिनक्स असेल तर तुमचा युजर ‘व्हीबॉक्सयूजर्स’ ग्रुपमध्ये घालून एकदा लॉगआउट करा, नाहीतर यूएसबीची यादी रिकामी दिसते. मशीन सुरू झाले की डिव्हाइसेस मेनूतल्या यूएसबीमधून ॲडॉप्टरवर टिक करा. व्हीएमवेअरमध्ये हेच काम ‘रिमूव्हेबल डिव्हाइसेस’मधून होते.

आता आत ‘एलएसयूएसबी’ ही यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड द्या. सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. ॲडॉप्टर या यादीत नसेल तर ड्रायव्हरला हात लावू नका. अडचण अजून व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्येच आहे. एआर९२७१ असेल तर ओळीत ‘०सीएफ३:९२७१’ दिसायला हवे.

इथे एक गोष्ट फार छळते. रिअलटेकचे काही छोटे ॲडॉप्टर लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उभे राहतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात असतो. तेव्हा त्यांचा क्रमांक ‘०बीडीए:१ए२बी’ असतो. ‘यूएसबी_मोडस्विच’ या लिनक्समधल्या साधनाने ते वाय-फाय झाले की क्रमांक बदलतो, जुन्या क्रमांकाचा यूएसबी फिल्टर (ॲडॉप्टर आपोआप आत पाठवणारा सेटिंगमधला नियम) मग लागू होत नाही आणि होस्ट ॲडॉप्टर परत ओढून घेतो. अशा वेळी दोन्ही क्रमांकांचे दोन फिल्टर लावा.

ॲडॉप्टर ‘एलएसयूएसबी’च्या यादीत आहे, पण ‘आयपी लिंक’मध्ये त्याचा इंटरफेस नाही? ‘डीएमईएसजी’ कमांडने कर्नलचे शेवटचे वीसेक संदेश वाचा. फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) सापडत नसल्याची ओळ असेल तर डेबियन १२ मध्ये ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभाग सुरू करून ‘फर्मवेअर-अथेरॉस’ किंवा तुमच्या चिपचे पॅकेज टाका. ड्रायव्हरचा उल्लेखच नसेल तर कर्नल तपासा. डेबियनच्या क्लाउड (क्लाउड सर्व्हरसाठीच्या हलक्या) कर्नलमधून वायरलेस काढलेलेच असते, तिथे साधा कर्नल टाकावा लागतो. उबुंटूच्या छोट्या इमेजवर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ हे जादा ड्रायव्हरांचे पॅकेज लागते.

कधी इंटरफेस आलेला असतो, पण आपणच ‘डब्ल्यूलॅन०’ शोधत बसतो. यूएसबी ॲडॉप्टरचे नाव ‘डब्ल्यूएलएक्स’ने सुरू होऊन पुढे मॅक पत्त्याची (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाची) बारा अक्षरे असू शकतात. ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये (रेडिओ बंद आहे का ते दाखवणारी कमांड) ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ दिसले तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ द्या.

ॲडॉप्टर घ्यायचाच नसेल, तर ‘मॉडप्रोब’ कमांडने ‘मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम’ हे आभासी वाय-फायचे मॉड्यूल सुडोने (ॲडमिनच्या अधिकाराने) लोड करा. दोन आभासी रेडिओ तयार होतात: एकावर ॲक्सेस पॉइंट उभा करा, दुसऱ्याने त्याला जोडा. घरातले खरे राउटर त्यांना दिसणार नाहीत, पण कमांडचा आणि हँडशेकचा (जोडताना होणाऱ्या पासवर्ड-पडताळणीचा) सराव पूर्ण होतो.