होव्हानेसची दुसरी सिंफनी कशी ऐकावी

अॅलन होव्हानेस (१९११–२०००) या अमेरिकन संगीतकाराने ६७ सिंफन्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, लिहिल्या. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, त्यामुळे क्रमाने ऐकायच्या भानगडीत पडू नका. १९५५ची दुसरी, ‘मिस्टीरियस माउंटन’, घ्या. भाग तीन, वेळ जेमतेम वीस मिनिटं. संचालक फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण उत्तम.

लोकलमध्ये ऐकू नका. पहिल्या भागातली सेलेस्टा (घंट्यांसारखं वाजणारं पेटीवजा वाद्य) आणि हार्पची किणकिण खडखडाटात बुडते, आपण आवाज वाढवतो आणि पुढे ब्रास, म्हणजे हॉर्न-ट्रॉम्बोनसारखी पितळी फुंकवाद्यं, अंगावर येतं. घरी, पंखा बारीक करून, हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर डबल बास जवळजवळ नाहीसा होतो. शफल बंद. आवाज दुसऱ्या भागाच्या शेवटावर बेतून घ्या, मग सुरुवातीला या.

खरी मेहनत दुसऱ्या भागावर करायची. हा दुहेरी फ्यूग आहे: फ्यूगमध्ये एक छोटी धून, म्हणजे ‘विषय’, एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जात राहते, आणि इथे असे विषय दोन. पहिला विषय संथ, समूहगायनासारखा. दुसरा व्हायोलिनांवर सुसाट. पहिल्यांदा फक्त संथ विषय पकडा आणि तो कोणत्या वाद्याकडे गेला तेवढंच बघा. पुढच्या खेपेला जलद विषय. दोन्ही एकदम पकडायला गेलात की नुसता कल्लोळ ऐकू येतो. शेवटी दोन्ही एकावर एक येतात. तिथे जलद स्वरांच्या खालून संथ विषय सरकताना ऐकू आला, म्हणजे जमलं.

तिसऱ्या भागात म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावलेले हॉर्न-ट्रॉम्बोन हळू आवाजात सात मात्रांची धून वाजवतात. बोटांवर मोजा, पण रूपक ताल शोधू नका: ठेका नाही, खाली-भरी नाही. पुढे तेरा मात्रांची लाट चढते आणि ओसरते. मोजणी चुकली तर सोडून द्या, लाट तशीही कळते.

रागही शोधू नका. नर्तक उदय शंकरांच्या चमूतल्या विष्णुदास शिराळींचं संगीत होव्हानेस यांनी १९३६मध्ये बॉस्टनला ऐकलं होतं हे खरं, पण मद्रासला कर्नाटक संगीताचा अभ्यास १९५९–६०चा, म्हणजे या सिंफनीनंतरचा. बीथोव्हनसारखा संघर्षही इथे नाही. त्याची वाट पाहणाऱ्याला हे संगीत ‘जागेवरच उभं’ वाटतं.

हॉर्न आणि ट्रॉम्बोन कानाला वेगळे लागत नसतील, तर मुंबईच्या एनसीपीए सभागृहात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कुठलाही कार्यक्रम गाठा. वाजवणारा दिसला की कान पटकन शिकतो.

नंतर थेट पन्नासावी, १९८०च्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीवरची. तिसरा भाग शांत सुरू होतो म्हणून आवाज वाढवू नका. पुढे ढोल आहेत.