हर्मिट खेकडा टाकीत सोडण्याआधी

मुंबईहून रात्रभर प्रवास करून बेळगावात आलेले हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे), कोळंबी खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या टाकीत थेट सोडू नका. क्षारतेतला (पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणातला) अचानक बदल त्यांना माशांपेक्षा कमी सोसतो. पिशवीतलं पाणी जिवांसकट बादलीत ओता. हवेच्या नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी बादलीत सेकंदाला दोन-तीन थेंब सोडा. तासाभरात पाणी दुप्पट झालं की फक्त जीव उचला, ते पाणी फेका. टाकीतल्या पाण्याची विशिष्ट घनता (खारटपणाचं माप) १.०२५ हवी. उन्हाळ्यात आटलेलं पाणी रोज गोड्या आरओ पाण्यानेच भरा, कारण मीठ उडून जात नाही. माशांचं तांबेयुक्त औषध इथे अजिबात नको, कोळंबी आधी मरते. आणि प्रत्येक हर्मिटमागे दोन-तीन थोडे मोठे रिकामे शंख ठेवाच. नाहीतर गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतो.